सिंकथिंग: 4 जीबी रॅमच्या ऑफिसात नीट चालतं का?

नौपाड्यातलं सीएचं ऑफिस असो, वागळे इस्टेटमधला फ्लेक्स प्रिंटिंगचा गाळा असो, नाहीतर सीबीडी बेलापूरमधला आर्किटेक्ट. आतलं चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. मालकाच्या केबिनमध्ये एक बऱ्यापैकी मशीन आणि बाहेर चार-पाच जुने आय-थ्री, 4 जीबी रॅमचे. त्यातल्या निम्म्यांत अजून फिरती हार्ड डिस्क. पेन ड्राइव्हवरून फायली इकडून तिकडे नेण्याचा वैताग आला की कोणीतरी सिंकचं, म्हणजे सगळ्या मशीनवरच्या फायली आपोआप सारख्या ठेवणारं, सॉफ्टवेअर टाकतं आणि आठवड्याभरात तक्रार सुरू होते, "हे टाकल्यापासून मशीन हँग होतंय."

ही तक्रार सिंकथिंगबद्दलही येते. त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः मेमरीच्या बाजूने. निकाल आधीच सांगतो: 4 जीबीवर सिंकथिंग नीट चालतं, पण टाकून विसरून जायचं असेल तर नाही. मेमरी खर्च होते ती फायलींच्या आकारावर नाही, तर संख्येवर आणि एकाच वेळी चाललेल्या कामांवर. पाच-सहा सेटिंग्ज आणि फोल्डरची शहाणी मांडणी एवढ्यात फरक पडतो. इंटरनेटवर फिरणारे बाकीचे बरेच सल्ले जुने झालेत किंवा विंडोजवर त्यांचा काही उपयोगच नाही.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंकथिंग हे 2013 पासूनचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, गो भाषेत लिहिलेलं आणि पूर्ण फुकट. तुमच्या फायली कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर राहत नाहीत. ऑफिसातलं एक मशीन दुसऱ्याशी थेट बोलतं. दोन ऑफिसांत इंटरनेटवरून थेट जोडणी जमली नाही तर मध्ये रिले, म्हणजे डेटा पुढे ढकलणारा मध्यस्थ सर्व्हर, लागतो, पण त्यातून जाणारा मजकूर एनक्रिप्टेड असतो. सगळा कारभार ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानावरून चालतो, पोर्ट 8384.

आधी मोजा, मग शिव्या द्या

टास्क मॅनेजरमध्ये सिंकथिंग दोनदा दिसतं. त्याला व्हायरस समजू नका. एक प्रक्रिया राखणदार आहे, ती दुसरीवर लक्ष ठेवते आणि ती कोसळली तर पुन्हा उठवते. खरी मेमरी दुसरीची. लहान आकड्याची प्रक्रिया मारून "बंद केलं तरी रॅम मोकळी होत नाही" म्हणणारे बरेच भेटतात.

डिटेल्सच्या टॅबमध्ये जाऊन कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करा आणि पीक वर्किंग सेट व कमिट साइज हे दोन कॉलम चालू करा. आत्ताचा आकडा फसवा असतो. गो भाषेतले प्रोग्रॅम घेतलेली मेमरी हळूहळू परत करतात, त्यामुळे काम संपून काही मिनिटं झाली तरी आकडा वरच दिसू शकतो. मोजायचं ते तीन वेळा: सकाळी मशीन चालू केल्यावर पहिली स्कॅन (फोल्डरात काय बदललं याची तपासणी) चालू असताना, मोठा डेटा उतरत असताना, आणि दुपारी काही चालू नसताना. तिसरा आकडा कमी आणि पहिले दोन फुगलेले असतील तर सेटिंग्जनी काम होईल. तिसराच मोठा असेल तर फायलींची संख्या कमी करण्याला पर्याय नाही.

आणखी एक बघायचं. सिंकथिंग फायली लिहित असताना विंडोजचा अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल वर चढतो, कारण तो प्रत्येक नवी फाइल तपासतो. तो भार सिंकथिंगच्या नावावर टाकू नका. आख्खा सिंक फोल्डर तपासणीतून वगळणं धोक्याचं आहे, पण सिंकथिंगचा डेटाबेस जिथे असतो तो लोकल अ‍ॅपडेटामधला फोल्डर वगळायला हरकत नाही.

कारभाराचं पान ब्राउझरमध्ये दिवसभर उघडं ठेवायची सवयही मोडा. ते पान सतत बातम्या मागत राहतं आणि क्रोमचा तो टॅब स्वतःची रॅम वेगळी खातो.

मेमरी जाते कुठे

सिंकथिंग प्रत्येक फाइलचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याचा 32 बाइटचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखीचा ठसा, काढून ठेवतं. तुकड्याचा आकार फाइलप्रमाणे बदलतो: 250 एमआयबीपर्यंतच्या फाइलला 128 केआयबीचे तुकडे (केआयबी, एमआयबी, जीआयबी म्हणजे 1000 ऐवजी 1024 च्या पटीत मोजलेले केबी, एमबी, जीबी), आणि तिथून वाढत वाढत 16 जीआयबीच्या पुढे 16 एमआयबीचे. दीड जीआयबीच्या एका फाइलचे 1 एमआयबीचे 1536 तुकडे होतात, म्हणजे हॅश सगळे मिळून 48 केआयबी. काहीच नाही. म्हणून फ्लेक्सवाल्याच्या भल्यामोठ्या टिफ फायली सिंकथिंगला जड जात नाहीत.

जड जातं ते सीएचं ऑफिस. एकेका क्लायंटच्या फोल्डरमध्ये स्कॅन केलेली बिलं, चलनं, बँक स्टेटमेंटची पानं. शंभर-दोनशे केबीची एक फाइल, पण अशा लाखभर. प्रत्येकीचं नाव, वेळ, आकार आणि कोणत्या मशीनवर ती किती वेळा बदलली याची नोंद ठेवावी लागते. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळाव्या लागतात, त्यामुळे जुनं कोणी काढतही नाही. ऐरोली-महापेच्या बाजूला सॉफ्टवेअरची कामं करणाऱ्यांची नोड मॉड्यूल्स फोल्डरं (जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टसाठी उतरवलेला तयार कोड) हा त्याच दुखण्याचा अधिक वाईट प्रकार. एका प्रोजेक्टमध्ये हजारो चिमुकल्या फायली, आणि त्यातली एकही सिंक करायची गरज नसते, कारण एका कमांडने त्या पुन्हा उतरवता येतात.

हा झाला कायमचा खर्च. त्यावर प्रसंगी चढणारा खर्च तीन ठिकाणी होतो आणि तिन्ही ठिकाणी मर्यादा घालता येते.

पहिलं ठिकाण स्कॅन. पडद्यावर "इतके टक्के झालं" दाखवायचं तर एकूण किती काम आहे हे आधी कळायला हवं. म्हणून सिंकथिंग आधी आख्खा फोल्डर चालून हॅश करायच्या सगळ्या फायलींची यादी मेमरीत जमवतं आणि मग हॅश करायला घेतं. रोजच्या स्कॅनमध्ये बदललेल्या फायली मूठभर असतात, तेव्हा याचं काही वाटत नाही. पहिल्यांदा लाख फायलींचा फोल्डर जोडला की हीच यादी छातीवर बसते.

दुसरं, फायली उतरवणं. एकेक फोल्डर समोरच्याकडे एकावेळी साधारण 32 एमआयबीपर्यंतच्या मागण्या टाकून ठेवतो. आणि एकाच वेळी किती फोल्डर काम करतील? काही ठरवलं नसेल तर प्रोसेसरचे जितके थ्रेड तितके. जुन्या दोन कोअर-चार थ्रेडच्या आय-थ्रीवर चार फोल्डर, म्हणजे 128 एमआयबी नुसत्या वाटेतल्या डेटाला. शिवाय फिरत्या डिस्कवर चार फोल्डर एकदम वाचायला लागले की डिस्कचं डोकं नुसतं इकडून तिकडे पळत राहतं. मशीन "हँग" होतं ते बऱ्याचदा याच कारणाने. रॅम त्यात निमित्तमात्र.

तिसरं ठिकाण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण ते दुसऱ्यांना फायली देणाऱ्या मशीनवर असतं. सकाळी दहाला सगळी मशीन चालू होतात आणि सगळी मालकाच्या मशीनकडे मागण्या टाकतात. या मागण्यांची उत्तरं तयार करायला सिंकथिंग 256 एमआयबीपर्यंत मेमरी वापरू शकतं. मालकाकडे 16 जीबी असेल तर चालतं. पण कोपऱ्यातलं जुनं मशीन "सर्व्हर" म्हणून लावलं असेल तर हे झेपत नाही.

बदलायची सेटिंग्ज

पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या अ‍ॅक्शन्स मेनूमधून अ‍ॅडव्हान्स्ड उघडा. तिथे जपून राहा अशी सूचना येईल. ती खरी आहे. खाली सांगितलेल्याखेरीज दुसरं काही छेडू नका.

ऑप्शन्सखाली मॅक्स फोल्डर कॉन्करन्सी 1 करा. फक्त एवढंच करायचं असेल तर हेच करा. फोल्डर एकामागून एक रांगेत स्कॅन होतील आणि उतरतील. सकाळची पहिली स्कॅन संपायला जरा जास्त वेळ लागेल, पण तोवर टॅली आणि ब्राउझर सुखाने उघडतील. किंमत एवढीच की मोठ्या फोल्डरचं काम चालू असताना छोट्या फोल्डरमधली तातडीची फाइल मागे अडकते. त्यासाठी रोजच्या कामाचा फोल्डर मुळातच आटोपशीर हवा. त्याचं पुढे.

तिथेच मॅक्स कॉन्करंट इनकमिंग रिक्वेस्ट केआयबी आहे. देणाऱ्या मशीनची रॅम कमी असेल तर तिथे 65536 लिहा, म्हणजे 64 एमआयबी. त्याहून खाली जायचं तर 32768 पर्यंतच. त्याच्या खालचा आकडा लिहिला तरी सॉफ्टवेअर मुकाट्याने 32768 च धरतं, कारण सगळ्यात मोठे दोन तुकडेसुद्धा मावले नाहीत तर काम ठप्प होईल. कोणी "तिथे 1024 टाका" असं सांगत असेल तर त्याने ते स्वतः कधी तपासलेलं नाही.

मग त्याच पानावर फोल्डर्समध्ये मोठा फोल्डर निवडा आणि स्कॅन प्रोग्रेस इंटरव्हल -1 करा. टक्केवारी दिसणं बंद होईल, पण यादी जमवणंही बंद होईल आणि फाइल सापडली की लगेच हॅश सुरू होईल. लाखभर फायलींचा फोल्डर जोडणार असाल तर हे जोडायच्या आधी करा. स्कॅन निम्म्यावर आल्यावर करून उपयोग नाही.

पुलर मॅक्स पेंडिंग केआयबी शून्य असतं तेव्हा 32 एमआयबी धरलं जातं. वरचं पहिलं सेटिंग केलं असेल तर याला हात लावायची गरज बहुधा पडत नाही.

हॅशर्स 1 करा, हा सल्ला जिथे तिथे दिसेल. विंडोज आणि मॅकवर ते मुळातच एक असतं. लिनक्सच्या मशीनवर मात्र सिंकथिंग सगळे कोअर वापरायला बघतं, तिथे 1 लिहिण्यात अर्थ आहे. तसंच डेटाबेस ट्यूनिंग स्मॉल करा म्हणणारे लेख लेव्हलडीबी या जुन्या डेटाबेसच्या काळातले आहेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 2.0 पासून डेटाबेस एसक्यूलाइटवर गेला, ते सेटिंग आता कामाचं नाही.

2.0 मध्ये आणखी एक बदल झाला. दोन मशीनमध्ये आता एकाऐवजी तीन जोडण्या असतात, एक याद्यांसाठी आणि दोन डेटासाठी. ऑफिसच्या लॅनमध्ये कमी रॅमच्या मशीनवर समोरच्या डिव्हाइसच्या एडिटमध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये जोडण्यांची संख्या 1 करता येते. बचत थोडी आहे, पण दहा डिव्हाइस जोडलेल्या मशीनवर थोड्याचं बरंच होतं.

पूर्ण स्कॅन दर तासाला होते (3600 सेकंद, प्रत्यक्षात त्याच्या पाऊणपट ते सव्वापट यांच्यामध्ये कधीही). बदल टिपणारा वॉचर चालू असेल तर ही स्कॅन नुसती खातरजमा असते. बंद वर्षांच्या फोल्डरला 86400 करा, दिवसातून एकदा पुरे. वॉचर बंद करू नका. विंडोजवर तो एका फोल्डरला जवळजवळ काहीच घेत नाही आणि बंद केला तर बदललेली फाइल पुढच्या स्कॅनपर्यंत जागची हलत नाही. लिनक्सची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक उपफोल्डरला एक पहारा बसतो आणि एका पहाऱ्याला कर्नलची साधारण 1 केबी लागते. लाखभर उपफोल्डर असतील तर शंभर एमबी जाते, आणि ती सिंकथिंगच्या नावावर दिसतसुद्धा नाही.

फायलीच कमी करा

इथे सेटिंग्जपेक्षा जास्त मिळतं, पण कंटाळवाणं काम असल्यामुळे कोणी करत नाही.

प्रत्येक फोल्डरच्या एडिटमध्ये इग्नोर पॅटर्न्सचा टॅब आहे. एका ओळीत एक नमुना. आर्किटेक्टच्या ऑफिसात ऑटोकॅडच्या बीएके, डीडब्ल्यूएल, डीडब्ल्यूएल2 आणि एसव्ही डॉलर फायली वगळायच्या: आधी तारा, मग टिंब, मग एक्स्टेन्शन. डीडब्ल्यूएल ही कुलपाची फाइल आहे, ड्रॉइंग उघडलं की बनते आणि बंद केलं की जाते. ती सिंक होत राहिली तर दिवसभर उगाच ये-जा चालते. डीटीपीवाल्यांनी कोरलच्या बॅकअप ऑफ या नावाने सुरू होणाऱ्या फायली वगळाव्यात. त्या मूळ फाइलएवढ्याच मोठ्या असतात आणि दर सेव्हला बदलतात. एक्सेल-वर्डच्या, नावाआधी नागमोडी रेघ आणि डॉलर असलेल्या तात्पुरत्या फायली आणि थंब्स डीबी (चित्रांच्या छोट्या प्रती साठवणारी विंडोजची फाइल) सगळ्यांनीच वगळायच्या. थंब्स डीबीसारख्या कचऱ्याच्या नमुन्याआधी कंसात प्रश्नचिन्ह आणि डी लिहिलं तर फोल्डर काढताना तो कचरा आड येत नाही, सिंकथिंग तो पुसून टाकतं. बीएकेच्या आधी मात्र हे लिहू नका. एखाद्या दिवशी तीच फाइल लागते.

ही यादी दुसऱ्या मशीनवर आपोआप जात नाही, हा सगळ्यांना चकवणारा भाग. पाच मशीनवर पाचदा लिहिण्यापेक्षा सिंक होणाऱ्या फोल्डरमध्येच एक साधी टेक्स्ट फाइल करा, त्यात सगळे नमुने लिहा आणि प्रत्येक मशीनच्या यादीत हॅशचं चिन्ह (#), इन्क्लूड आणि त्या फाइलचं नाव एवढी एकच ओळ ठेवा. क्रम पाळा: आधी टेक्स्ट फाइल सगळीकडे पोचू द्या, मग ती ओळ लिहा. फाइल नसताना ओळ लिहिली तर फोल्डर एरर देऊन थांबतो. आणि वगळलेल्या ज्या फायली आधीच पलीकडे पोचल्यात त्या तिथेच राहतात. त्या हाताने काढायच्या.

मग मांडणी. सगळ्या डी ड्राइव्हचा एकच फोल्डर करून जोडणं ही सर्वांत महाग चूक. चालू आर्थिक वर्षाचा एक फोल्डर करा, तो सगळ्यांकडे द्या. बंद वर्षांचा दुसरा, तो फक्त दोन मशीनवर: मालकाच्या आणि बॅकअपच्या. बंद वर्षातल्या एकेका क्लायंटचा फोल्डर झिप केला तर दोन-तीन हजार फायलींच्या जागी एक फाइल उरते, आणि ती पुन्हा बदलणार नसल्याने दर स्कॅनला तिच्यावर नजर टाकण्यापलीकडे काही लागत नाही. बाहेरच्या चार मशीनवर जुनी वर्षं नसली तरी कोणाचं अडत नाही. वर्षातून चारदा लागलं तर नेटवर्कवरून उघडावं.

टॅलीचा चालू डेटा फोल्डर सिंक करू नका. याचा मेमरीशी संबंध नाही, पण प्रश्न रोज विचारला जातो. टॅली उघडं असताना त्यातल्या बऱ्याच फायली एकमेकींशी जुळवून बदलत असतात. सिंकथिंग त्यातली एक आत्ता आणि दुसरी दहा सेकंदांनी उचलेल, पलीकडे निघेल तो न जुळणारा डेटा. दोन ठिकाणी टॅली उघडं असेल तर सिंक-कॉन्फ्लिक्ट नावाच्या फायलींचा ढीग. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या, तो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि तो फोल्डर सिंक करा. आउटलुकच्या पीएसटीला, म्हणजे मेल साठवणाऱ्या फाइललाही, हाच नियम.

ट्रेमधला आयकॉन हवाच का

घड्याळाशेजारी आयकॉन दिसावा म्हणून लोक सिंकट्रेझर वापरतात. दिसायला छान, पण त्याच्या मूळ आवृत्तीत आख्खा क्रोमियम ब्राउझर भरलेला आहे आणि त्या मूळ प्रकल्पाची देखभाल थांबलेली आहे. 4 जीबीच्या मशीनवर हा शौक परवडत नाही.

त्याऐवजी टास्क शेड्युलर. लॉग-ऑनला सिंकथिंग चालू करायचं, सोबत नो-कन्सोल आणि नो-ब्राउझर हे दोन पर्याय, प्रत्येकाआधी दोन आडव्या रेघा. इथे तीन खड्डे आहेत. टास्क तीन दिवसांपेक्षा जास्त चालला तर थांबवा, ही खूण आधीपासून केलेली असते. रोज बंद होणाऱ्या मशीनवर ती कळत नाही, पण सर्व्हर म्हणून चालू ठेवलेल्या मशीनवर चौथ्या दिवशी सिंक गुपचूप बंद पडतं. ती खूण काढा. लॅपटॉप असेल तर फक्त चार्जर लावलेला असतानाच चालवा ही खूणही काढा. तिसरा खड्डा 2.0 चा: जुन्या शॉर्टकटमध्ये पर्यायाआधी एकच रेघ असेल तर नवी आवृत्ती ते मानत नाही आणि सुरूच होत नाही. अपडेटनंतर "सिंकथिंग गायब झालं" अशा तक्रारींत हे आधी तपासा.

शेवटचं हत्यार

एवढं करूनही मेमरीचा आकडा खाली येत नसेल तर गो भाषेचाच एक लगाम आहे: गोमेमलिमिट नावाचं एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, इंग्रजी मोठ्या अक्षरांत जोडून लिहायचं. किंमत 200 आणि त्याला चिकटून एमआयबी, मधलं आय लहान, एम आणि बी मोठे. "200 एमबी" अर्थाने एम आणि बी एवढंच लिहिलंत तर प्रोग्रॅम उठताक्षणीच कोसळतो. हे व्हेरिएबल विंडोजच्या सेटिंगमध्ये सगळ्यांसाठी लिहू नका, नाहीतर गो भाषेतल्या इतर प्रोग्रॅमनाही लागू होईल. एका छोट्या बॅच फाइलमध्ये आधी व्हेरिएबल, मग सिंकथिंग, आणि शेड्युलरला ती बॅच फाइल द्या.

ही मर्यादा मऊ आहे. खरोखर लागणारी मेमरीच 200 च्या वर असेल तर ती ओलांडली जाते, फक्त मेमरीची साफसफाई जवळजवळ अखंड चालू राहते आणि प्रोसेसर तापतो. म्हणून दुपारच्या शांत वेळचा आकडा बघा आणि त्याच्या दीडपटीच्या आसपास मर्यादा ठेवा. एसक्यूलाइट सी भाषेतून जोडलेलं असेल तर त्याची मेमरी या हिशेबात येत नाही, तेव्हा टास्क मॅनेजरमधला आकडा मर्यादेच्या थोडा वर दिसला तर दचकू नका.

याचा भाऊ गोजीसी. मूळ किंमत 100, म्हणजे खरा वापर 100 एमबी असेल तर साफसफाई होईपर्यंत तो 200 पर्यंत फुगू शकतो. 50 केलं तर 150. दोन्हींपैकी एकच वापरा, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल.

आणि हे सगळं करण्याआधी कॅबिनेट उघडून बघा. मदरबोर्डवर रॅमचा एक स्लॉट रिकामा असेल तर 4 जीबीची आणखी एक स्टिक टाका, आणि डिस्क फिरती असेल तर एसएसडी. वर लिहिलेल्या सगळ्या सेटिंग्जपेक्षा तो फरक मोठा असतो, कारण रॅम संपल्यावर विंडोज डिस्कवर ओतायला लागतं आणि फिरत्या डिस्कवर ते ओतणं म्हणजेच लोक ज्याला हँग म्हणतात ते.

इतरांच्या तुलनेत

ड्रॉपबॉक्स आणि वनड्राइव्ह दोन्ही 3,00,000 फायलींच्या पुढे काम मंदावू शकतं असं स्वतःच सांगतात, तेव्हा संख्येचं दुखणं सिंकथिंगपुरतं नाही. वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्हकडे मात्र एक गोष्ट आहे जी इथे नाही: फाइल लागेल तेव्हाच उतरवणं. 128 जीबीच्या एसएसडीवर 500 जीबीचा डेटा "दिसायला" हवा असेल तर सिंकथिंग तुमच्यासाठी नाही. उलट ऑफिसचं नेट बंद असतानाही लॅनमध्ये फायली फिरत राहाव्यात, महिन्याचं भाडं नको, क्लायंटचे कागद बाहेर जायला नकोत, अशी गरज असेल तर याच्या तोडीचं फुकटात सापडणं कठीण. फक्त ऑफिसात कोणीतरी एकाने ते समजून घेतलेलं हवं. मदतीसाठी फोन लावायला कंपनी नाही.

नव्याने लावताना, आणि 2.0 वर जाताना

पहिलं सिंक हा मेमरीचा आणि वेळेचा सर्वांत मोठा चढ. 100 एमबीपीएसच्या जुन्या स्विचवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी जातात, म्हणजे 200 जीबीला किमान साडेचार तास, तेही डिस्कने साथ दिली तर. गिगाबिट स्विच असेल तर हा वेळ बराच खाली येतो. डेटा आधीच पेन ड्राइव्हने किंवा पोर्टेबल डिस्कने दोन्हीकडे ठेवून मग फोल्डर जोडला तर सिंकथिंग फक्त हॅश ताडून बघतं, डेटा पुन्हा पाठवत नाही. एकेक फोल्डर जोडा, पहिल्याचा हिरवा रंग आल्यावर दुसरा.

जुन्या आवृत्तीवरून 2.0 वर जाताना पहिल्यांदा चालू झाल्यावर सगळा डेटाबेस एसक्यूलाइटमध्ये उतरवला जातो. लाखांत फायली आणि फिरती डिस्क असेल तर हे लांबतं. तोवर सिंक होत नाही, आणि घाबरून मध्येच मशीन बंद करणं हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय. सीएच्या ऑफिसात 11 आणि 20 तारखेच्या (जीएसटी विवरणपत्रांच्या मुदतींच्या) आधीच्या दिवसांत हे काम काढू नका. ज्या गाळ्यांना शुक्रवारी सुट्टी असते त्यांनी गुरुवारी संध्याकाळी लावून जावं. त्याआधी लोकल अ‍ॅपडेटामधला सिंकथिंगचा आख्खा फोल्डर सॉफ्टवेअर बंद करून दुसरीकडे कॉपी करा. त्यातल्या सर्ट आणि की या दोन पेम फायलींत त्या मशीनची ओळख असते. त्या गेल्या तर नवी ओळख तयार होते आणि बाकीच्या सगळ्या मशीनवर पुन्हा जोडणी करत बसावं लागतं.

विंडोज 7 ची मशीन अजून कुठे कुठे तग धरून आहेत. गो 1.21 पासून किमान विंडोज 10 लागतं, त्यामुळे सिंकथिंगच्या नव्या आवृत्त्या तिथे चालत नाहीत. अशा मशीनवर जुनी आवृत्ती आणि बाकी ठिकाणी 2.0 असं मिश्रण ठेवण्यापेक्षा तिथे लिनक्स टाकून त्यालाच बंद वर्षांच्या फोल्डरचं बॅकअप मशीन करावं: हॅशर्स 1, पूर्ण स्कॅन दिवसातून एकदा, मॉनिटर काढून टाकलेला. एका बाजूच्या टेबलाखाली ते वर्षभर चालतं. फक्त धूळ झटकत जा आणि यूपीएसला जोडा.